आमच्यासाठी थांबू नका

मंगळवारी सकाळी सात वाजता मंगलचा फोन आला. आबा गेले, असं ती म्हणाली. मी धुळ्याची बस धरली. दुपारी दोनपर्यंत सगळं उरकलं. चारच्या बसने मी जळगावला परत आले आणि ऑफिसात जाऊन बसले.

त्याला आता पाच महिने झाले.

मंगल ही सुकलाल आबांची मुलगी. मी आबांच्या नात्यातली नाही. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. वयाच्या सहाव्या वर्षी गोवर आला आणि त्यात त्यांची दृष्टी गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी दुसरी नोकरी धरली, जळगावच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत. तिथे ते नेमकं काय करतात हे धुळ्यात, देवपुरातल्या त्यांच्या गल्लीत कोणालाच कधी कळलं नाही. "आबा कॉम्प्युटरले समजावी सांगतस," असं शेजारच्या अक्का सांगत. ते फारसं चूक नव्हतं.

माझी त्यांची ओळख मी कॉलेजात असताना झाली. देवपुरातल्या आमच्या कॉलेजच्या फलकावर कोणीतरी चिठ्ठी लावली होती: अंध गृहस्थांना रविवारी पुस्तकं वाचून दाखवण्यासाठी कोणी हवं आहे. मला बोलायला फारसं आवडत नसे, वाचायला आवडे. हे काम आपल्याला जमेल असं वाटलं. पहिल्या दिवशी मी दोन पानं वाचली असतील, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"तुझं या पुस्तकाशी भांडण आहे का?"

"नाही आबा."

"मग त्याला तोंडातल्या तोंडात का मारतेस? मोकळं वाच."

उंच, सडपातळ माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला पेन. हे पेन त्यांनी स्वतः कधी वापरलं नाही. लिहायचं ते ब्रेलमध्ये, टोच्याने. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कचेरीत लोक फॉर्म भरायला यायचे आणि पेन विसरायचे. आंधळ्याकडे मागितलेलं पेन माणूस परत देतोच. चौतीस वर्षांत एक हरवलं नाही."

वाचताना मला एक खोड होती. गोष्टीत माणसं बोलायला लागली की मला पुढे जायची घाई होई, आणि मधली वर्णनं, घराचं, रस्त्याचं, हवेचं, मी अधूनमधून गाळत असे. त्यांना दिसत नाही, मग घर कसं होतं याने त्यांना काय फरक पडतो, असा माझा अठरा वर्षांचा समज होता. महिनाभर ते काही बोलले नाहीत. एका रविवारी मी असाच अर्धा परिच्छेद गाळला आणि पान उलटलं.

"पान उलटलंस," ते म्हणाले. "पण तेवढ्या ओळी वाचल्या नाहीस."

माझे कान लाल झाले होते, ते त्यांना दिसले नाहीत याचं बरं वाटलं.

"माय," ते शांतपणे म्हणाले, "तुला वाटतं या ओळी डोळे असलेल्यांसाठी आहेत. ज्याला खोली दिसते त्याला वर्णन कशाला? मला दुसरं काय आहे? बठ्ठं वाच."

बठ्ठं म्हणजे सगळं; रागावले किंवा खूश झाले की ते असे अहिराणीत उतरत. एरवी त्यांची मराठी कचेरीतली, घासून घासून स्वच्छ केलेली. चौतीस वर्षं रोज शेकडो माणसांशी नुसत्या आवाजाने बोलल्यावर ती तशी झाली असावी.

त्यांच्या घरी लोखंडी पलंगाखाली बिस्किटांचा एक चौकोनी डबा असे. त्यात जाड कागदाची कार्डं होती, ब्रेलमध्ये टोचलेली. कचेरीतल्या प्रत्येक टेबलाचं एक कार्ड. बदलीवर आलेला साहेब पहिल्या आठवड्यात विचारी, हा आंधळा माणूस कुठला फोन कुठे द्यायचा ते कसं ठरवतो? आबा त्याला एखादं कार्ड हातात देत आणि त्याच्या चार कोपऱ्यांवरून बोट फिरवत सांगत. पहिल्या कोपऱ्यात, हे टेबल काय काम करतं. दुसऱ्यात, काय करत नाही, पण लोक चुकून इथे येतात. तिसऱ्यात, फोन जोडण्याआधी समोरच्याच्या हातात काय असायला हवं, अर्जाचा नंबर की सातबारा की नुसतं गावाचं नाव. चौथ्यात, तिथून त्याला काय उत्तर मिळेल, आणि नाही मिळालं तर पुढे कुठे.

"दुसरा कोपरा सगळ्यात महत्त्वाचा," ते म्हणत. "काम काय करतो हे प्रत्येक जण सांगतो. काय करत नाही, हे कोणी सांगत नाही. आणि माणूस तिथेच अडकतो."

'योग्य ती कार्यवाही' हे शब्द त्यांना सहन होत नसत. 'योग्य' म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. 'वगैरे' आणि 'इत्यादी' यांवरही राग. मी एकदा पत्र लिहून देताना 'इत्यादी' लिहिलं, तर म्हणाले, "तुला ठाऊक असेल तर लिही. ठाऊक नसेल तर थांब. मध्ये हे पोतं कशाला टाकतेस?"

शिक्षण संपवून मी जळगावला आले. काही वर्षं एका वाचनालयात काढली, मग पारसच्या कंपनीत मराठी मजकूर लिहायचं काम मिळालं. पारस जळगावातल्या व्यापारी घराण्यातला. वडिलांचं कापडाचं दुकान सोडून त्याने हे सुरू केलं, आणि घरात अजून त्याला 'कापड विकायचं सोडून हवा विकतो' असं म्हणतात. एका डायलिसिस केंद्रासाठी त्याने फोन उचलणारं यंत्र तयार केलं होतं.

ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत अशी माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा गावोगावहून तिथे येतात आणि चार-चार तास खुर्चीवर बसून रक्त स्वच्छ करून घेतात. खुर्च्या मोजक्या, माणसं जास्त. एक फेरी चुकली की पाय सुजतात, पाणी फुप्फुसात चढतं, श्वास लागतो. त्यामुळे आपली खुर्ची आपल्याला मिळणं, एवढ्यावर तिथल्या प्रत्येकाचा जीव असतो. फोन दिवसभर वाजत राहायचे आणि उचलायला माणसं पुरायची नाहीत, म्हणून हे यंत्र.

ते मराठीत बोलायचं, अहिराणी समजायचं. पण नुसतं बोलून काम होत नाही. वेळापत्रक पाहणं, वेळ बदलणं, खुर्ची मोकळी करणं, गाडी मागवणं, फोन केंद्रातल्या माणसाला जोडून देणं, अशा एकेका कामासाठी त्याच्या हाताशी एकेक साधन दिलेलं असतं. पारस त्याला टूल म्हणतो. यंत्राला त्या टूलच्या आत काय चालतं ते दिसत नाही. टूलचं नाव आणि त्याखाली आपण लिहिलेल्या चार ओळी, एवढंच त्याच्यापुढे येतं. त्यावरून कुठलं उचलायचं ते ठरवतं. ओळी धड नसल्या की चुकीचं उचलतं, आणि चुकलो हे त्याला कळतही नाही.

सुरुवातीला ते सारखं चुकायचं. आपली वेळ कधी आहे एवढं विचारणाऱ्याची वेळ ते बदलून टाकायचं. मी त्या ओळी काढून पाहिल्या. पारसने लिहिलं होतं: 'रुग्णाच्या वेळेसंबंधी काम करतं.' दुसऱ्या टूलखाली: 'रुग्णाची वेळ हाताळतं, इत्यादी.'

ते 'इत्यादी' पाहिलं आणि मला आबा आठवले.

पारसला आधी हे पटलं नाही. सत्तरीला आलेला, दृष्टी नसलेला, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला माणूस. पण तो नम्र मुलगा आहे. भेटायला हरकत नाही, म्हणाला. आबा धुळ्याहून एकटे बसने आले, घडीची काठी उघडत जिना चढले, खुर्ची चाचपून बसले आणि चहा यायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या यंत्राला काय दिसतं?"

"काहीच नाही आबा. आपण लिहू तेवढंच."

"काल कोणाशी काय बोललं, ते आठवतं?"

"नाही. प्रत्येक फोन त्याच्यासाठी पहिलाच."

आबा थोडे हसले. "म्हणजे माझ्यापेक्षा आंधळं शे ते. माले काल तरी आठवस."

मग त्यांनी पारसला ती दोन टूल्स एकमेकांपासून वेगळी कशी ते सांगायला सांगितलं. पारस दहा मिनिटं बोलला. एक नुसती वेळ वाचून सांगतं, दुसरं ती बदलतं. बदलायची तर आधी मोकळी खुर्ची पाहावी लागते. बदल झाला की नर्सला निरोप जातो. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे छान सांगितलंस, भाऊ," ते म्हणाले. "आता मला सांग, हे जे दहा मिनिटं मला सांगितलंस, ते त्या बिचाऱ्याला का नाही सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून आबा आमच्याकडे येऊ लागले, आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस फोनवर.

काम असं चाले. पारस टूल समजावून सांगे. आबा प्रश्न विचारत. मग ते वर्णन बोलत आणि मी टाइप करी. झाल्यावर मी ते त्यांना वाचून दाखवायचं, एक अक्षर न गाळता. प्रत्येक वर्णनाला चार कोपरे. इंग्रजीत लिहू या, असं पारस म्हणाला तेव्हा त्यांनी विचारलं, त्याला मराठी कळतं का? कळतं, पारस म्हणाला. "मग फोन करणारा ज्या भाषेत रडतो त्याच भाषेत लिहू."

एक वर्णन दिवसभर चाले. 'गाडी मागवा' या टूलसाठी त्यांनी पारसला केंद्राच्या ड्रायव्हरशी बोलायला पाठवलं. कुठल्या गावापर्यंत गाडी जाते, कुठल्या रस्त्याला ती पावसात जात नाही, पत्ता म्हणून नुसतं गाव चालतं की देवळाची, दवाखान्याची खूण लागते, हे सगळं त्या ओळींत आलं. टूलने नकार दिला तर यंत्राने काय म्हणायचं, तेही. पारस एकदा वैतागून म्हणाला, "आबा, यंत्र हुशार आहे. एवढं समजेल त्याला."

"हुशारालाच जास्त सांगावं लागतं. मठ्ठ माणूस अडला की विचारतो. हुशार माणूस अंदाज करतो."

चाचणीसाठी वेळापत्रकात एक खोटा रुग्ण घालावा लागतो. पारसने नाव दिलं होतं 'टेस्ट'. आबांना ते आवडलं नाही. "टेस्ट नावाचं माणूस कोठे राहस का? अप्पा लिही. नदीकाठचे अप्पा." मी तसं लिहिलं. कोण अप्पा, हे मी विचारलं नाही. दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, आबा नदीकाठचे अप्पा होऊन यंत्राला फोन करत. आवाज बदलत, खोकत, अर्धवट बोलून थांबत, अहिराणीत गुरफटलेलं काहीतरी सांगत. यंत्राने बरोबर टूल उचललं की समाधानाने फोन ठेवत. चुकलं की म्हणत, "त्याची चूक नाही. आपण काहीतरी सांगायचं राहिलं. काढ ते वर्णन."

आमच्या भागातल्या लोकांची फोनवर बोलायची एक तऱ्हा आहे. आपल्याला काही हवं असेल तर ते सरळ मागत नाहीत. साहेब कामात असतील तर राहू द्या. तुम्हाला त्रास नको. आमचं काय, आम्ही बघू. हे संकोचाने येतं, आणि समोरच्याने 'नाही नाही, सांगा' म्हणावं ही त्यात मनातली अपेक्षा असते. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच ते लिहायचं कोणाला सुचत नाही. आबांना सुचलं. 'खुर्ची मोकळी करा' या टूलखाली शेवटी त्यांनी मला लिहायला लावलं:

'रुग्ण "आमच्यासाठी थांबू नका" म्हणाला तर हे टूल वापरू नका. आपल्याकडे लोक हे संकोचाने म्हणतात. त्यांना यायचं असतं. "तुम्ही आज येणार आहात का?" असं सरळ विचारा. "नाही" असं स्पष्ट ऐकल्यावरच खुर्ची मोकळी करा.'

वर्षभर सगळं नीट चाललं. मग टूल्स वाढली, वर्णनं वाढली, आणि यंत्राला प्रत्येक फोनला ती सगळी वाचावी लागत असल्याने उत्तर यायला वेळ लागू लागला. फोनवरची शांतता लांबली की म्हातारी माणसं फोन ठेवून द्यायची. पारस मला म्हणाला, जमेल तिथे थोडं आटोपतं करा. आबा त्या आठवड्यात तापाने धुळ्यालाच होते. मी एका दुपारी बसून सगळी वर्णनं कमी केली. बहुतेक ठिकाणी नुसते शब्द आवळले. 'खुर्ची मोकळी करा'खालच्या त्या शेवटच्या ओळींपाशी आले. उशीर होणाऱ्यांसाठी वेळ बदलायचं वेगळं टूल आहे, यंत्र एव्हाना सरावलं आहे, हे त्याला कळेल, असं मला वाटलं. त्या ओळी काढल्या आणि पुढच्या टूलवर गेले.

यंत्र सरावत नसतं. प्रत्येक फोन त्याचा पहिलाच, हे मी पहिल्या दिवशी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

शेवंताबाई जामनेरकडच्या एका खेड्यातल्या. आठवड्यातून तीन दिवस, सकाळची वेळ. मी ओळी काढल्या त्याच आठवड्यात एके सकाळी त्यांची गाडी चुकली. स्टँडवरून त्यांनी कोणाच्या तरी मोबाइलवरून केंद्रात फोन केला. यंत्राने उचलला. उशीर होईल, त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "मनाकरता थांबू नका हो."

मनाकरता, म्हणजे माझ्यासाठी. यंत्राने 'बरं आहे' म्हटलं आणि खुर्ची मोकळी केली. ती पुढच्या माणसाला गेली.

साडेअकराला शेवंताबाई पोचल्या. बसायला खुर्ची नव्हती. मधली फेरीही भरलेली. त्या बाकावर बसून राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, कारण आपणच 'थांबू नका' म्हटलं होतं, असं त्यांना वाटत होतं. चारच्या सुमारास त्यांना श्वास लागला. नर्सने पाहिलं, ऑक्सिजन लावला, एका रुग्णाला मध्येच उठवून त्यांना बसवलं. त्या वाचल्या. पण नर्सने तिकडे पाहायला अजून तासभर उशीर केला असता तर, हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

फोनवर हे कळलं तसे आबा दुसऱ्याच दिवशी आले. ताप पुरता उतरला नव्हता. ते आधी ऑफिसात आले नाहीत. स्टँडवरून थेट केंद्रात घेऊन चल, असं मला म्हणाले. शेवंताबाईंना त्या दिवशी पुन्हा बोलावलं होतं. आबा त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले.

"अक्का, फोनवर तुम्ही काय बोलल्या होत्या?"

शेवंताबाई ओशाळल्या. "मीच म्हन्तं ना बाबा, मनाकरता थांबू नका. बाकीसना खोळंबा व्हवाले नको."

"मग तुम्ही येणार नव्हत्या का?"

"आव, कशी नही येवाव? मरू का घर बसीसन?"

आबांनी काठी उघडली. मग म्हणाले, "अक्का, चूक तुमची नाही." आणि उठले.

ऑफिसात पारस यंत्राला दोष देत होता. मॉडेल बदलून पाहू, म्हणत होता. आबांनी त्याला बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि मला म्हणाले, "वाच. पहिल्यापासून."

मी वाचू लागले. एकेक वर्णन. आवळलेल्या जागा त्यांना कळत होत्या, त्यांची मान किंचित हले, पण ते मध्ये बोलले नाहीत. 'खुर्ची मोकळी करा' आलं. मी दोन ओळी वाचल्या आणि पुढच्या टूलचं नाव घेतलं.

"पान उलटलंस," आबा म्हणाले.

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, त्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आबा, त्या ओळी मी काढल्या."

"माले म्हाईत शे."

मला वाटलं ते आता उठून जातील. ते उठले नाहीत. खिशातलं पेन काढून त्यांनी हातात धरलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. आणि मग मला जी गोष्ट सांगितली ती मंगललाही ठाऊक नव्हती.

नोकरीतली पहिली वर्षं. पांझरेला पूर आला होता. कचेरीतले सगळे फोन एका वेळी वाजत होते. एक माणूस बोलला. आवाज म्हाताऱ्याचा. मी अप्पा बोलतोय, नदीकाठून. पाणी ओट्यापर्यंत आलंय. होडी मिळेल का, एवढं साहेबांना विचारायचं होतं. आबा म्हणाले, साहेब दुसऱ्या फोनवर आहेत. तो माणूस म्हणाला, "कामात असतील तर राहू द्या. आमच्यासाठी थांबू नका." आबांनी 'बरं' म्हटलं आणि फोन काढून दुसरा जोडला.

"पुन्हा फोन आला नाही," आबा म्हणाले. "गावाचं नाव विचारलं नव्हतं मी. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या किती गावांत माणूस पाठवून विचारलं. अप्पा सगळीकडे असतात. कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाचला असेलही."

त्यांनी टोपण पुन्हा घट्ट दाबलं.

"त्यानंतर पहिलं कार्ड टोचलं मी. लोक मला म्हणायचे, काय शिस्तीचा माणूस आहे! शिस्त कसली? मला पुन्हा तसा फोन ठेवायचा नव्हता." त्यांनी पेन खिशाला लावलं. "तू ओळ काढलीस कारण तुला ती माहीत होती. आपल्याला जे माहीत असतं ते लिहिलेलं जास्तीचं वाटतं. माझंही तेच झालं होतं. लोक संकोचाने बोलतात हे मला माहीत नव्हतं का? मी याच मातीतला. पण त्या वेळी हाताशी लिहिलेलं नव्हतं, आणि घाई होती. आता लिही."

मी लिहिलं. त्यांनी तेच शब्द सांगितले, एकही बदलला नाही. मग मला वाचायला लावलं. मग पुन्हा.

पारस परत आला तेव्हा आबांनी त्याला सांगितलं, यंत्र ठीक आहे, वर्णन अपुरं होतं, आता पुरं केलं. कोणी अपुरं केलं ते सांगितलं नाही. पारसला मी दोन दिवसांनी स्वतः सांगितलं. वेळ वाचवायचा तर टूल्स कमी करू, ओळी नकोत, असं आबांनी सुचवलं होतं. तसंच केलं. सारखी दिसणारी तीन टूल्स मिळून एक झालं. उत्तरं पुन्हा लवकर येऊ लागली. हे आधीच करता आलं असतं.

त्यानंतर ते सात-आठ महिने आले. कानाला कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे. डोळ्यांबद्दल ते कधी बोलत नसत. कानाबद्दल एकदाच बोलले: "आता दुसरा दरवाजाही लावायला घेतला वरच्याने." आणि लगेच म्हणाले, "चल, 'गाडी मागवा' वाच."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका सोमवारी, जळगावच्या बस स्टँडवर. सकाळी केंद्रातल्या लोकांशी बैठक होती, त्यात सोमवारचा तो फोन राहून गेला. धुळ्याच्या बसमध्ये मी त्यांना खिडकीशी बसवून दिलं. खिडकी त्यांना लागेच. वाऱ्यावरून आणि गतिरोधकांवरून एरंडोल कुठे, पारोळा कुठे, ते कळतं, म्हणत. मी खाली उतरून खिडकीखाली उभी राहिले. ड्रायव्हर अजून आला नव्हता.

"आज सोमवार ना? फोन केलास?"

"नाही आबा. राहिला."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बोटाने अंकांची जागा मोजत नंबर लावला. कानाशी घट्ट धरला, दुसऱ्या कानावर तळवा. मग नदीकाठच्या अप्पांचा तो थकलेला आवाज काढून म्हणाले, "गाडी चुकनी हो. उशीर व्हई. मनाकरता थांबू नका."

शेजारच्या बाकावरची बाई त्यांच्याकडे वळून पाहू लागली. ते ऐकत राहिले. यंत्राचं बोलणं मला खाली ऐकू येत नव्हतं. मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, किंचित वर केलेला, रविवारी पुस्तक ऐकताना असे तसा. मग ते हळूच म्हणाले, "हो. येणार आहे."

बस सुरू झाली. त्यांनी माझ्या दिशेने हात केला. हात थोडा चुकला, मी होते त्याच्या डावीकडे. मी सरकून त्या जागी जाऊन उभी राहिले.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मंगलचा फोन आला.

बिस्किटांचा तो डबा मंगलने मला दिला. कार्डं माझ्याकडे आहेत. मला ब्रेल येत नाही. शिकायला घेतलं आहे, अजून बोटांना वळण नाही. कुठलं कार्ड पहिलं, ते मला शोधायचं आहे.

दर सोमवारी, चहाच्या आधी, मी यंत्राला फोन करते. मला आवाज बदलता येत नाही. मी माझ्याच आवाजात सांगते, मी नदीकाठच्या अप्पांकडून बोलतेय, उशीर होईल, आमच्यासाठी थांबू नका. ते विचारतं, "अप्पा आज येणार आहेत का?" मी हो म्हणते. ते म्हणतं, त्यांची खुर्ची ठेवली आहे.

शेवंताबाई आठवड्यातून तीनदा येतात. त्या ओळी जागेवर आहेत.